वचन आणि तारीख

वर्षाच्या शेवटच्या रात्री आमच्या देवळात जागरण असतं. (आम्ही मराठी ख्रिस्ती बायका चर्चला अजूनही सवयीनं 'देऊळ'च म्हणतो!) बारा वाजले की घंटा होते, सगळे एकमेकांना सलाम करतात आणि मग एक ताट फिरतं. ताटात रंगीत कागदाच्या लहान लहान चिठ्ठ्या असतात. प्रत्येक चिठ्ठीवर बायबलमधलं एकेक वचन. डोळे मिटून एक उचलायची. ते आपलं वर्षभराचं वचन. मग ती चिठ्ठी कुणी फ्रिजवर चिकटवतं, कुणी बायबलच्या पानांत ठेवतं, कुणी पर्सच्या आतल्या कप्प्यात. कोकणातल्या मैत्रिणींना देवाला लावलेला कौल आठवेल. अगदी तसं नाही, पण मनाची ओढ तीच. पुढचं वर्ष बरं जाईल, असं कुणीतरी सांगावं, एवढंच तर आपल्याला हवं असतं.

काही वर्षांपूर्वीची अशीच एक रात्र. आमच्या महिला मंडळातली एक धाकटी मैत्रीण माझ्या शेजारी बसली होती. लग्नाला आठ वर्षं झालेली, मूलबाळ नाही. घरची माणसं तशी वाईट नव्हती, पण शेजारपाजारच्या बारशाला तिला बोलावणं येत नसे. आलं तरी पाळण्याजवळ ती स्वतःच जात नसे. तिनं चिठ्ठी उचलली, वाचली आणि तिचे डोळे भरून आले. यिर्मया संदेष्ट्याच्या एकोणतिसाव्या अध्यायातलं ते प्रसिद्ध वचन तिला आलं होतं. देवाच्या मनात आपल्याविषयी भलंच आहे, आपल्याला पुढे आशा आहे, अशा अर्थाचं. आमच्याकडे कॅलेंडरवर, शुभेच्छापत्रांवर, बैठकीच्या भिंतीवर, सगळीकडे हे वचन दिसतं.

मी तिचा हात दाबला आणि म्हटलं, "बघ, देव बोलला! पुढच्या नाताळला तुझ्या मांडीवर बाळ असणार. तू फक्त विश्वास ठेव."

मनापासून बोलले होते हो मी. पण मनापासून बोललेलं सगळंच खरं असतं असं नाही.

पुढचा नाताळ आला. करंज्या झाल्या, केक झाले, कॅरोल गाणारी पोरं घरोघरी फिरून गेली. ती मात्र देवळात आली नाही. ३१ डिसेंबरलाही नाही. जानेवारीत मी तिच्या घरी गेले. तिनं चहा केला, बिस्किटं ठेवली. मी आपली नेहमीचीच टकळी सुरू केली, "प्रार्थना सोडू नकोस, विश्वास डळमळू देऊ नकोस..." तिनं ऐकून घेतलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "ताई, तुम्ही सांगितलंत तसा विश्वास ठेवला. बुधवारचे उपास केले, शुक्रवारचे केले. एका बाहेरगावच्या उपदेशकानं सांगितलं, गोळ्या घेणं म्हणजे अविश्वास. म्हणून थायरॉईडची गोळीसुद्धा बंद केली. आता एवढंच सांगा, कमी कोण पडलं? मी, की देव?"

माझ्याजवळ उत्तर नव्हतं. चहा गार झाला आणि मी तशीच उठून घरी आले.

त्या रात्री मी बायबल उघडलं आणि तो यिर्मयाचा अध्याय पहिल्यापासून वाचला. चिठ्ठीवरच्या ओळीच्या वरची ओळ आपण कधी वाचतच नाही! हा अध्याय म्हणजे एक पत्र आहे. यरुशलेमहून ज्या लोकांना कैद करून बाबेलला नेलं होतं, त्यांना यिर्मयानं लिहिलेलं. घर गेलं, गाव गेलं, मंदिर लांब राहिलं. त्या माणसांना एकच प्रश्न होता, परत कधी जायचं? आणि त्या सुंदर वचनाच्या नेमकं आधी उत्तर आहे, सत्तर वर्षांनी.

सत्तर वर्षं! म्हणजे पत्र वाचणाऱ्या बहुतेकांनी ते परतणं डोळ्यांनी पाहायचं नव्हतंच. नातवंडांनी पाहायचं. हे आपण चिठ्ठीवर छापत नाही.

त्याच्या आधीचा अध्याय तर माझ्याच तोंडावर चपराक होता. तिथे हनन्या नावाचा एक संदेष्टा भेटतो. तो लोकांना भर मंदिरात सांगतो, काळजी करू नका, दोन वर्षांत सगळं परत मिळेल. लोकांना किती बरं वाटलं असेल! यिर्मयासुद्धा आधी म्हणतो, आमेन, तसंच होवो. पण देवानं तसं सांगितलेलंच नव्हतं. दोन वर्षं ही हनन्याची स्वतःची तारीख होती, देवाच्या नावावर खपवलेली.

मैत्रिणींनो, मी हनन्या झाले होते. वचन देवाचं होतं, पण 'पुढच्या नाताळला' ही तारीख माझी होती. ती चुकली, तेव्हा हिशेब मात्र त्या पोरीच्या विश्वासाचा झाला.

वचन आणि तारीख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कळायला मला चाळिशी ओलांडावी लागली. आपल्याला दोन्ही एकत्र हवं असतं. मुलीचं लग्न अमुक वर्षात, मुलाची नोकरी अमुक महिन्यात, नवऱ्याची दारू या लेंटच्या उपासात सुटलीच पाहिजे. आणि तसं झालं नाही की दोनच वाटा दिसतात. एक तर देव खोटा, नाहीतर मी नालायक. बायका बहुतेक वेळा दुसरी वाट धरतात. कारण दोष स्वतःकडे घ्यायची सवय आपल्याला लहानपणापासून लावलेली असते.

आपल्याच तारखेनं घडवून आणायची घाई काय करते, तेही बायबलमध्ये आहे. अब्राहामानं देवाच्या शब्दावर आपलं ठिकाण सोडलं, तेव्हा तो पंचाहत्तर वर्षांचा होता. इसहाक झाला, तेव्हा तो शंभराचा आणि सारा नव्वदीची. मधे पंचवीस वर्षं! या पंचवीस वर्षांत साराचा धीर सुटला. तिनं आपली दासी हागार नवऱ्याला दिली. वचन पुरं व्हायचं तर असंही होऊ दे, असा हिशेब. हागारला दिवस गेले, मग घरात रुसवेफुगवे, छळ आणि शेवटी ती बिचारी रानात पळाली. उतावीळ झाली सारा, किंमत मोजली हागारनं. घाईचं बिल पुष्कळदा घरातल्या सगळ्यात दुबळ्या बाईच्या नावावर फाडलं जातं, हे मी समाजकामात किती घरांत पाहिलंय. मूल होत नाही म्हणून दुसरं लग्न, दुसरीला मुलगी झाली म्हणून तिसरा नवस. पण बघा, त्या रानात देव हागारलाच भेटला. आणि तिनं त्याला नाव दिलं ते 'मला पाहणारा' अशा अर्थाचं. मला ही गोष्ट साराच्या गोष्टीइतकीच मोठी वाटते.

आता शंकेबद्दल. आमच्या मंडळात कुणी म्हणालं, "मला हल्ली प्रार्थना करावीशी वाटत नाही," की लगेच चार जणी सरसावतात. "सैतानाला जागा देऊ नकोस गं!" शंका आली म्हणजे जणू घरात झुरळ निघालं, चटकन झाडूनं हाकला. पण स्तोत्रसंहितेत तेरावं स्तोत्र आहे, जेमतेम सहा ओव्यांएवढं. त्याच्या सुरुवातीलाच 'कुठवर' हा प्रश्न चार वेळा आहे. विसरलास का मला, कुठवर तोंड फिरवणार, असं सरळ देवालाच. हे स्तोत्र कुणी बायबलमधून काढून टाकलं नाही. ते आपल्यासाठी ठेवलंय. देवाशी भांडणारी बाई देवाला सोडून गेलेली नसते. सोडून गेलेली बाई भांडत नाही, गप्प बसते.

थोमाचं बघा. येशू उठला, बाकीच्यांना भेटला, हा तिथे नव्हता. म्हणाला, जखमांना हात लावून पाहिल्याशिवाय मी मानणार नाही. मला त्या गोष्टीत सगळ्यात आवडतो तो मधला आठवडा. आठ दिवस हा माणूस शंका घेऊन त्या बाकीच्यांबरोबरच होता. त्यांनी त्याला हाकललं नाही, आणि तोही उठून गेला नाही. म्हणून तर आठ दिवसांनी येशू आला, तेव्हा थोमा तिथे होता. आणि परंपरा असं मानते, की हाच थोमा पुढे समुद्र ओलांडून आपल्या देशात, केरळात आला. शंका घेणाऱ्याच्याच वाट्याला एवढा लांबचा प्रवास आला!

आपल्या मराठी मातीतलं उदाहरण द्यायचं तर पंडिता रमाबाईंचं. तरुणपणीच आईवडील, बहीण, भाऊ, नवरा अशी एकेक माणसं गेली. पदरात लहानगी मनोरमा. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आपल्याला वाटतं, झालं, आता विश्वास पक्का. पण तिथल्या सिस्टर जेराल्डाइन यांच्याशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला, त्यात प्रश्नांवर प्रश्न आहेत. त्र्येकत्वाबद्दल, चर्चच्या अधिकाराबद्दल. वरिष्ठांनी सांगितलं म्हणून मान डोलावणं त्यांना जमलं नाही. धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, हे बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्या ध्यानात आलं, असं त्यांनी स्वतः १९०७ सालच्या आपल्या साक्षीत लिहून ठेवलंय. आणि या आठ वर्षांत त्या काय करत होत्या? १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू करत होत्या! विधवा मुलींना शिकवत होत्या. आधी सगळ्या शंका मिटू देत, मग कामाला लागते, असं त्या म्हणाल्या नाहीत. पुढे केडगावच्या मुक्तीत दुष्काळातल्या शेकडो मुलींना आसरा मिळाला. शेवटी तर १९२१ साली मनोरमाही आईच्या आधी गेली. तरी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून चाललेलं बायबलचं मराठी भाषांतर रमाबाईंनी सोडलं नाही. १९२२ साली त्यांनी डोळे मिटले ते हे काम हातावेगळं करूनच.

लक्ष्मीबाई टिळकांनाही विसरून चालणार नाही. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी घेतला तो १९०० साली. मधली पाच वर्षं त्यांची स्वतःची होती. नवऱ्याच्या तारखेनं बायकोच्या मनात श्रद्धा उगवत नाही. ती आपल्या वेळेनंच उगवते. 'स्मृतिचित्रे' वाचलेल्या मैत्रिणींना हे सांगायला नकोच.

आणि मदर तेरेसा? १९९७ साली त्या गेल्या. दहा वर्षांनी, २००७ साली, त्यांची खाजगी पत्रं पुस्तकरूपानं आली, तेव्हा जग चकित झालं. जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना आत अंधार जाणवत होता, देव जवळ आहे असं वाटतच नव्हतं. आणि तरी रोज पहाटे उठून प्रार्थना, रोज कोलकात्याच्या रस्त्यावरची माणसं उचलणं. त्यांना २०१६ साली पोपनी संत म्हणून घोषित केलं, ते ही पत्रं सगळ्या जगानं वाचल्यानंतर. म्हणजे चर्चनंसुद्धा त्या अंधाराला पाप मानलं नाही. मग आपल्या मंडळातल्या एका थकलेल्या पोरीला आपण कोण 'अल्पविश्वासी' म्हणणार?

कुणी म्हणेल, "अहो, पण साराला शेवटी मूल झालंच ना? हन्नाला झालं, अलिशिबेला झालं." खरंय. म्हणूनच या गोष्टी मूल नसलेल्या बाईला सांगताना जपून सांगाव्यात. त्याच बायबलमध्ये मोशे आहे. चाळीस वर्षं रानातून चालला आणि वचनदत्त देश त्यानं नबो डोंगरावरून नुसता लांबून पाहिला. तिथेच वारला. खुद्द येशूनं गेथशेमाने बागेत मागितलं होतं, हा प्याला टळू दे. टळला नाही. येशूचा विश्वास कमी पडला, असं म्हणायची आपली छाती होईल? मागितलेलं मिळालं नाही, याचा अर्थ विश्वास खोटा होता असा नाही. हे आपण एकमेकींना मोठ्यानं सांगायला हवं.

हन्नाच्या गोष्टीतही एक बारीक जागा आहे. शिलोच्या मंदिरात ती रडत प्रार्थना करत होती. ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. एली याजकाला वाटलं, बाई दारू प्यायलीय! (देवळातल्या मोठ्या माणसांना रडणारी बाई कळत नाही, ही तक्रार तेव्हापासूनची आहे!) तिनं आपलं दुःख सांगितल्यावर एलीनं तिला आशीर्वाद दिला. मग ती उठली, जेवली आणि तिचा चेहरा उतरलेला राहिला नाही, असं तिथे म्हटलंय. शमुवेल अजून पोटातही नव्हता. तारीख कुणी दिली नव्हती. तरी ती जेवली. मला वाटतं, भरवसा म्हणजे हेच. उत्तर हातात नसताना दोन घास पोटात जाणं.

आणि त्या गोळ्यांचं काय? हिज्कीया राजा मरणाच्या दारात होता. देवानं यशयाच्या तोंडून वचन दिलं, तुला आणखी पंधरा वर्षं आयुष्य आहे. वचन पक्कं होतं. तरी यशयानं अंजिराचा लेप करून गळवावर बांधायला लावला. देवाचं वचन आणि अंजिराचा लेप एकाच वेळी! लूक तर वैद्यच होता. तेव्हा कुणी कितीही मोठ्या आवाजात सांगितलं, तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही. थायरॉईड बिघडलं तर दिवस राहायला अडचण येऊ शकते, हे साधं विज्ञान आहे. आणि मूल होत नसेल तर तपासणी दोघांची व्हायला हवी. कारण नवऱ्यातही असू शकतं. नवरा दवाखान्याची पायरी चढत नाही आणि बायको उपास करून वाळते, याला श्रद्धा म्हणत नाहीत.

यिर्मयाच्या त्या पत्राकडे पुन्हा येते. सत्तर वर्षं थांबा, एवढंच सांगून तो गप्प बसला नाही. घरं बांधा, त्यांत राहा. मळे लावा, त्यांचं फळ खा. लग्नं करा, मुलांची लग्नं करा. ज्या परक्या गावात आणून टाकलंय, त्या गावाचं भलं बघा, त्याच्यासाठी प्रार्थना करा. असं सगळं त्यात आहे. 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' ही वृत्ती त्यात नाही. थांबणं म्हणजे दाराशी डोळे लावून बसणं नाही, आहे त्या जागी रोप लावणं आहे. आपण मात्र 'हे झालं की मग जगू' म्हणून आयुष्य पेटीत घालून ठेवतो, लग्नातल्या शालूसारखं. घडीवरच विरतं मग ते.

पुढच्या आठवड्यात मी पुन्हा तिच्याकडे गेले. या वेळी वचन घेऊन गेले नाही. "माझं चुकलं गं. तारीख मी दिली होती, देवानं नाही," एवढंच म्हटलं. ती खूप रडली. मीही रडले. मग म्हणाली, "ताई, एक करा. मंडळात सगळ्या जणी माझ्या बाळासाठी प्रार्थना करतात. आता थोडे दिवस माझ्यासाठी करा."

इतक्या वर्षांत हे आमच्या एकीच्याही लक्षात आलं नव्हतं!

तिची गोळी पुन्हा सुरू झाली. बऱ्याच मिनतवारीनंतर नवराही तपासणीला गेला. तिच्या घरी पाळणा हलला का, असं तुम्ही विचाराल. अजून नाही. कदाचित हलेल, कदाचित दुसऱ्या कुठल्या रीतीनं तिच्या आयुष्याला फळ येईल. मला माहीत नाही, आणि आता मी माहीत असल्याचा आवही आणत नाही. काही रविवारी ती देवळात येते, काही रविवारी येत नाही. आली की शेवटच्या बाकावर बसते. मी पुढची जागा सोडून तिच्याशेजारी जाऊन बसते. थोमाला त्या आठ दिवसांत कुणीतरी असंच शेजारी लागलं असणार.

आमच्या मंडळात आम्ही दोन नियम केलेत. एक, कुणाच्याही विश्वासाला मार्क द्यायचे नाहीत. दोन, देवाच्या वतीनं तारीख सांगायची नाही. वचनाच्या चिठ्ठ्या अजून निघतात, काढाव्यातही. फक्त घरी जाऊन त्या ओळीच्या वरच्या चार ओळी आणि खालच्या चार ओळी वाचायच्या, असं एकमेकींना सांगतो.

तुमचा देव कोणताही असो, मैत्रिणींनो, तुमच्या आळीत, भिशीत, बचत गटात अशी वाट बघणारी एखादी असेलच. तिला 'होईल गं' म्हणून घाईनं उठू नका. चहा गार होऊ द्या. ती बोलेल तेवढं ऐका. कधी होईल ते त्याच्याकडे राहू द्या. तिच्याजवळ बसणं मात्र आपल्याकडे आहे.